सासूबाईंची हिरवळ आणि निळं बी

आमच्या गावात कुणाचं कसं चाललंय हे कळायला दार वाजवावं लागत नाही. फाटकावरून पुढचं लॉन बघायचं. गवत कापलेलं, कडा सरळ, म्हणजे घरात सगळं ठीक. गवत घोट्याला लागायला लागलं की समोरच्या घरातली माणसं चहा पिताना म्हणतात, "तिला आता झेपत नाही वाटतं." हे वाक्य एकदा गावात फिरलं की पाठोपाठ वेलिंग्टनहून नाहीतर ऑकलंडहून मुलं येतात, हातात वृद्धांच्या वसाहतीचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन. मी इथेच जन्मले, इथेच लग्न केलं. कितीतरी घरांत हे असंच होताना पाहिलंय.

माझ्या सासूबाईंच्या, एल्वा टॅव्हेंडेल यांच्या लॉनबद्दल असं बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती. नव्वदीकडे झुकलेली ही बाई दर शुक्रवारी स्वतः मशीन ओढून गवत कापते. पावसाने शुक्रवार हुकला तर शनिवारी तिच्या तोंडाला लागू नये. तरुणपणी मेंढ्यांची लोकर कापणाऱ्या टोळ्यांसाठी तिने रानोमाळ स्वयंपाक केला. पहाटेच्या चहापासून रात्रीच्या मटणापर्यंत सगळं एकटीने. त्या कामातून जे पैसे उरले त्यात तिने आणि कॉलिनने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ही जागा घेतली. आमच्या या सपाट मुलखात माती कमी आणि नदीचे गोटे जास्त. दोघांनी ते गोटे वेचले आणि बाबागाडीत भरभरून मागच्या ओढ्यात नेऊन टाकले. माझा नवरा रॉस अजून कुरकुरतो की त्याच्या जन्माआधीच त्याच्या गाडीची चाकं मोडलेली होती. सासूबाई म्हणतात, "तुला तरी कुठे पळायचं होतं?"

तर असं ते लॉन. कॉलिन गेल्यावर तिने घरातलं फर्निचर हलवलं, भिंतींचा रंग बदलला, पण लॉनला कुणाला हात लावू दिला नाही.

आता माझं काम सांगते, कारण आमचं भांडण तिथूनच सुरू होतं. गावाबाहेर गवताच्या बियाण्याचा कारखाना आहे. त्यात बियाला लेप चढवायचा मोठा ड्रम माझ्या ताब्यात असतो. बी आत गरगर फिरतं. वरून चिकट पाण्याचा बारीक फवारा, मग चुन्याची पूड, पुन्हा फवारा, पुन्हा पूड. त्यातच बुरशीचं औषध आणि पक्ष्यांना नकोशी वाटणारी चव. शेवटी निळा रंग, आणि मग गरम हवेत वाळवणं. ऐकायला सोपं आहे. करायला गेलात तर दोन बिया एकमेकींना चिकटून लाडू होतो, नाहीतर आत बी नसलेल्या नुसत्या चुन्याच्या गोळ्या तयार होतात. मी मधूनमधून मूठभर काढून तळहातावर चोळते. हाताला भुकटी लागली तर लेप कच्चा. मग नखाने एखादा दाणा फोडायचा, आत एकच बी आणि तेही भरलेलं निघालं पाहिजे. बी मेलेलं असेल तर त्याला कितीही सुंदर कोट चढवा, ते मेलेलंच राहतं. म्हणून आम्ही आधी ओल्या कागदावर उगवून बघतो. मला माझं काम आवडतं, उगाच का लपवू?

सासूबाईंच्या लेखी मात्र ही सगळी लोकांच्या डोळ्यांत धूळफेक होती.

"अर्धी पिशवी चुना," रविवारच्या जेवणाला माझ्या ताटात लँबचा तुकडा वाढता वाढता त्या म्हणायच्या, "आणि किंमत बियाची! रेविन, तुम्ही लोकांना फळ्यावरचा खडू विकता."

"चुना आहेच. मी कुठे नाही म्हणतेय? पण तुमच्या उघड्या बियातलं अर्धं चिमण्या खातात. तुम्ही चिमण्यांच्या पंगती उठवता आणि त्याला बागकाम म्हणता."

"चिमण्यांचं मी बघते."

त्या बघायच्या खऱ्या. बी पेरलं की वर खिडकीचे जुने जाळीचे पडदे अंथरायचे आणि ते जेवणाच्या जुन्या काट्यांनी जमिनीत टोचून ठेवायचे, ही त्यांच्या आईची रीत. आमच्याकडे कुठल्याही म्हातारीच्या घरी तुम्हाला असे दात वाकलेले काटे सापडतील.

मागच्या हिवाळ्यात फाटकापासून पायरीपर्यंतची पाण्याची जुनी नळी फुटली. खोदायचं मशीन आलं आणि त्या लॉनच्या बरोबर मधोमध एका गाडीच्या रुंदीचा पट्टा उखडून गेलं. नळी नवी झाली. पट्ट्यात राहिला चिखल, आणि पुन्हा एकदा गोटे. सासूबाईंनी ते वाकून वाकून वेचले. रॉस मदतीला गेला तर त्याला चहा करायला आत पाठवलं.

नेमकी तेव्हाच माझी नणंद लिनेट वेलिंग्टनहून आली. लिनेट मनाने वाईट नाही, आईवर जीव आहे तिचा. पण लांब राहून उंटावरून शेळ्या हाकायची तिला सवय. तिने खिडकीतून तो चिखल बघितला, आईचे मातीने माखलेले गुडघे बघितले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर माहितीपत्रक ठेवलं.

"आई, मी लेबर वीकेंडच्या सुट्टीला परत येईन. तोवर तुझं लॉन धड झालं तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर अ‍ॅशबर्टनच्या वसाहतीत एक युनिट रिकामं होतंय. मी त्यांना ते धरून ठेवायला सांगितलंय. किती छान आहे, पुढे हिरवळ वगैरे. आणि तिथलं गवत तेच लोक कापतात."

सासूबाई पाठ फिरवून सिंककडे वळल्या. धुतलेला कप त्यांनी पुन्हा धुवायला घेतला. 'तेच लोक कापतात' हे वाक्य त्यांना कुठे लागलं ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं. रॉसकडे पाहिलं तर तो बिस्किटात डोकं घालून बसला होता.

ऑगस्ट संपता संपता, म्हणजे आमच्याकडे हिवाळा सरताना, त्यांनी पहिली पेरणी केली. बी नेहमीप्रमाणे रात्रभर बादलीत भिजवलं, सकाळी निथळून वाळूत कालवलं, हाताने फेकलं, वर पडदे, पडद्यांना काटे. चार दिवस सगळं झकास. मग वायव्येचा गरम वारा सुटला. हा वारा सुटला की आमच्याकडे नवराबायकोही एकमेकांशी जपून बोलतात. त्याने काट्यांसकट पडदे उचलले आणि रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या, डेसच्या कुंपणावर नेऊन वाळत घातले. मागोमाग वाळलेलं बीही गेलं.

काही दिवसांनी डेसच्या अंगणातल्या खडीच्या वाटेवर कोवळी हिरवी लव आली. डेस फाटकाशी येऊन उभा राहिला, खिशात हात घालून, आधीच हसत.

"एल्वा, तुझं गवत माझ्याकडे राहायला आलंय. जेवणाखाण्याचं तू बघणार का मी?"

"तुझ्याकडे आलंय म्हणजे त्याला अक्कल नाही," सासूबाई म्हणाल्या. "उपटून टाक."

आमच्या पट्ट्यात मात्र एका जागी गच्च झुबका, पुढे हातभर उघडी माती, मग पुन्हा एक झुबका. "चिमण्या," सासूबाईंनी जाहीर केलं. चिमण्या अशी जागा आखून जेवत नाहीत आणि वाराही असे झुबके करत नाही, हे माझ्या मनात आलं होतं. पण त्या दिवसांत त्या नाकावर माशी बसू देत नव्हत्या.

सप्टेंबर निम्मा गेला. लेबर वीकेंड ऑक्टोबरच्या शेवटी. एवढ्या दिवसांत गवत उगवून कापायजोगं व्हायचं तर आता खेळ करायला वेळ नव्हता. मी कारखान्यातून एक पिशवी आणली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे बघा, मी भांडायला आलेली नाही. मोजायला गेलात तर किलोमागे यात बिया कमी आहेत, हे तुमचं खरं. म्हणून जरा हात सैल ठेवून टाकायचं. पण दाणा जड आहे, वाऱ्याने उडत नाही. चिमणीला चव आवडत नाही. ओल धरून ठेवतो, कोंब निघाला की त्याला पहिलं खाणं तिथेच मिळतं. फक्त एकदा ओलं केलं की मध्ये वाळू द्यायचं नाही, तेवढं पाणी सांभाळा."

त्यांनी पिशवी हलवून पाहिली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ते माहितीपत्रक अजून पडलेलं होतं. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ठेव बाई तुझा खडू."

मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळी खुशीत चीजचे स्कोन भाजून घेऊन गेले. मागच्या धुण्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि बघते तर बादलीत निळी पेज. अख्खी पिशवी! चुना, औषध, रंग सगळं पाण्यात उतरलेलं आणि तळाला बी उघडं पडलेलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. "एल्वा! हे काय केलंत?"

"भिजवलं. बी भिजवायचं असतं. माझी आई भिजवायची."

"तुमच्या आईच्या बियाला कोट नव्हता! दिवसभर ड्रमपाशी उभी राहून मी तो चढवते, आणि तुम्ही एका रात्रीत उतरवून बादलीत घातलात?"

"मग पिशवीवर लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलंय!"

"मोठ्या अक्षरांत लिहावं माणसाने," त्या म्हणाल्या आणि तरातरा आत गेल्या.

मी रिकामी पिशवी उचलली, त्यांच्या तोंडापुढे धरायचीच म्हणून. 'भिजवू नका. कोरडंच पेरा.' एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं होतं. मी ती पिशवी घडी करून कोटाच्या खिशात घातली. राग कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्या जागी जे आलं ते मला अजिबात आवडलं नाही.

दुसरी पिशवी आणून मी या वेळी तिथेच थांबले. सासूबाईंनी माती सारखी केली, मूठ भरली आणि नेहमीच्या सफाईने हात फिरवला. काळ्या ओल्या मातीवर निळे दाणे पसरले. त्यांनी दुसरी मूठ भरली, पण फेकली नाही. मान पुढे काढून जमिनीकडे बघत राहिल्या.

"रेविन."

"काय?"

"मला दिसतंय गं."

"काय दिसतंय?"

"बी. कुठे पडलंय ते."

मग त्या पायरीवर जाऊन बसल्या. मूठ तशीच मिटलेली. मीही शेजारी बसले. दोन वर्षं झाली, त्या म्हणाल्या, सगळं धुक्यातून बघितल्यासारखं. उघडं बी मातीच्याच रंगाचं, ते तर मुळीच दिसत नाही. मागची पेरणी त्यांनी आठवणीवर केली होती, पाय कुठे होता आणि हात कुठे गेला याच्या अंदाजाने. चिमण्यांवर उगाच आळ घेतला.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"डॉक्टरकडे गेलं की तुम्हा सगळ्यांना कळणार. लिनेटला कळलं की झालं. मग मी त्या युनिटमध्ये खिडकीशी, गुडघ्यांवर चौकडीचं पांघरूण, आणि बाहेर कुणीतरी परका पोरगा गवत कापतोय. वाकडंतिकडं." त्यांचा आवाज चिरकला. "मला तिथे जायचं नाही, रेविन. मला भीती वाटते तिथली."

लग्न झाल्यापासून आम्ही दोघी भांडत आलो. भीती वाटते, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. आणि या बाईने दोन वर्षं एकटीने हे ओढलं याचा संतापही आला, तो मी बोलूनही दाखवला.

"मोतीबिंदू असेल," मी शेवटी म्हणाले. "डेसचा नाही का काढला? आता तो रस्त्यापलीकडून माझ्या गाडीवरचा चिखल मोजतो. सोमवारी मी तुम्हाला घेऊन जाते. आणि लिनेटला तुम्ही स्वतः सांगायचं. मी तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही."

"तू? तुला खोटं बोलता तरी येतं का? तोंडावर लगेच दिसतं." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "चल, ऊठ. माझ्या हातातलं बी घामाने ओलं होतंय. तूच म्हणालीस ना, कोट उतरतो म्हणून."

आणि मग त्यांनी पेरलं. आधी फाटकाकडून पायरीकडे, मग आडवं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. जिथे निळं विरळ दिसलं तिथे मागे वळून चिमूटभर टाकलं. जिथे जास्त झालं तिथे दाणे बोटांनी उचलून घेतले. संधिवाताने वाकलेली ती बोटं, पण हा दाणा गोल आणि भरीव, बोटात धरता येत होता. एवढी नीट पेरणी मी कुणाची पाहिली नाही. मी ड्रमवर इतकी वर्षं काढली, हा निळा रंग आमच्यासाठी नुसता शेवटचा हात होता. त्या दिवशी मला माझ्या कामाचा फार आनंद झाला.

दंताळं हलकं फिरवलं, वर फळी ठेवून पायाने दाबलं आणि पाणी दिलं. पडदे अंथरायचे त्यांनी ठरवलं होतं, मी घेऊ दिले नाहीत. चिमण्या आल्या. एकीने दाणा उचलला, टाकला, चोच गवताला पुसली आणि सगळ्या जणी डेसच्या खडीवर गेल्या. वारा दोनदा सुटला. त्याने डेसच्या कचऱ्याचा डबा आडवा केला, पण आमचे दाणे होते तिथेच राहिले. सासूबाई सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन उभ्या. सोमवारी डॉक्टर म्हणाले मोतीबिंदूच, दोन्ही डोळ्यांत. नाव ऑपरेशनच्या यादीत लागलं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पट्टा हिरवा झाला. अगदी निर्दोष झाला असं म्हणणार नाही. नळापाशी पाणी साचून थोडं वाहून गेलं, तिथे टक्कल राहिलं. आणि नवं गवत जुन्यापेक्षा जरा काळसर, त्यामुळे पट्टा ओळखू येतो. पण उगवलं ते सारखं, एका उंचीचं. डेस दोनदा येऊन बघून गेला आणि दुसऱ्यांदा विनोद करायला विसरला.

लेबर वीकेंडच्या शनिवारी लिनेट आली तेव्हा गावभर लोक टोमॅटोची रोपं लावत होते. सासूबाईंनी नवं गवत पहिल्यांदा कापायला तोच दिवस ठरवला होता. पात्याला आदल्या दिवशी धार लावून घेतली होती, बोथट पात्याने कोवळं गवत मुळासकट निघतं म्हणून. लिनेट गाडीतून उतरली तशी त्यांनी तिला पायरीवर बसवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डोळे, दोन वर्षं, आठवणीवरची पेरणी, भिजवलेली पिशवी, यादीतलं नाव. एक अक्षर लपवलं नाही.

लिनेटचा चेहरा पांढरा पडला. "दोन वर्षं? आणि तू मशीन चालवतेस? आई, हे बास झालं. रॉस, ते मशीन घे तिच्याकडून."

रॉस जागचा हलला नाही. नवऱ्याचा मला क्वचित अभिमान वाटतो, तेव्हा वाटला. "मी नाही घेणार," तो म्हणाला. "आधी बघ तरी."

सासूबाईंनी दोरी ओढली. मशीन धडधडलं आणि त्या चालू लागल्या, खांदे ताठ, एकेक ओळ मागच्या ओळीला चिकटून. वळताना थांबायच्या, पायाने कड चाचपायच्या, मग पुढे. लिनेट ओठ घट्ट मिटून बघत होती. अर्ध्याहून जास्त झालं आणि ती उठून ओरडली, "थांब! आई, थांब! तिथे अख्खी रेघ सुटलीय तुझी. बघ, उभी काळी रेघ राहिलीय. हेच म्हणतेय मी!"

सासूबाईंनी मशीन बंद केलं. मागे आल्या आणि वाकल्या. लिनेट दाखवत होती तिथे त्यांनी तळहात सावकाश फिरवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण एवढ्या लांबून मलाही ती रेघ दिसत होती.

"सुटलेली नाही," त्या म्हणाल्या. "जुनं आणि नवं गवत इथे मिळतं. रंग वेगळा असेल, तो तुला दिसतो, मला नाही दिसत. पण उंची एकच आहे. ये, हात लाव."

लिनेट आली. शहरातली चांगली पँट घातलेली, तशीच ती गुडघ्यांवर बसली आणि तिने हात फिरवला. एकदा, मग पुन्हा, मग दोन्ही हातांनी. बराच वेळ ती खाली मान घालून गवतावर हात फिरवत राहिली. आईच्या हाताला हात लागला तेव्हा थांबली.

तिथे बसूनच तिने फोन काढला. "हॅलो, मी लिनेट टॅव्हेंडेल. ते युनिट तुम्ही माझ्यासाठी धरून ठेवलं होतं ना, ते दुसऱ्या कुणाला द्या. नाही, नाही, तब्येतीचं काही नाही. आमच्या आईला..." तिने गवतावर पुन्हा तळहात टेकला. "आमच्या आईला इथे काम आहे."

फोन ठेवून ती तशीच बसली आणि हुंदके द्यायला लागली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर ठेवला, मग दुसऱ्या हाताने मशीनची दोरी चाचपली.

"रडायचं तर पायरीवर जाऊन रड, पोरी," त्या म्हणाल्या. "हे गवत अजून कोवळं आहे."